विज्ञानाच्या दारातील सत्याग्रह : डॉ. कमला सोहोनी यांचे जीवन आणि आपली मुले

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात शोध असतात, शोधांची साले असतात आणि शोधकर्त्यांची नावे असतात. त्या शोधकर्त्याला प्रयोगशाळेत पहिले पाऊल टाकण्यासाठी काय करावे लागले, त्याच्या आधी किती जण दारातून परत गेले, याची नोंद मात्र पाठ्यपुस्तकात सहसा नसते. ती नोंद इतिहासाला ठेवावी लागते. म्हणूनच आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेसाठी एका वैज्ञानिक स्त्रीचे चरित्र लिहिण्याचे काम इतिहासाच्या शिक्षकाने अंगावर घेतले आहे. ही स्त्री म्हणजे जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी.

काही वाचकांच्या मनात प्रश्न येईल. बौद्ध समाजाने चालवलेल्या, ग्रामीण आणि वंचित मुलांसाठी असलेल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत, सुशिक्षित आणि उच्चवर्णीय घरात जन्मलेल्या स्त्रीचे चरित्र कशासाठी? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईल. आरंभी एवढेच सांगतो की, गुणवत्ता म्हणजे काय आणि संधी म्हणजे काय, यांतील फरक कमलाबाईंच्या जीवनात जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच कुठे दिसतो. आपल्या समाजाला तो फरक नीट समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे.

घरातील विज्ञान

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. माहेरचे नाव कमला भागवत. ज्येष्ठ लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे पदवीधर. बंगळूर येथे जमशेटजी टाटा यांच्या देणगीतून १९०९ साली विज्ञान संस्था स्थापन झाली. लोक तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. आज ती भारतीय विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. या संस्थेतून सुरुवातीच्या काळात शिकून बाहेर पडलेल्यांमध्ये हे दोघे बंधू होते.

याचा अर्थ असा की, ज्या वयात मुलांना रसायन हा शब्दही ठाऊक नसतो, त्या वयात कमलाबाईंच्या कानावर प्रयोगशाळेच्या गोष्टी पडत होत्या. घरात पुस्तके होती, शंका विचारायला माणसे होती, पुढच्या शिक्षणाचा रस्ता आधी चालून आलेले वडीलधारे होते. मुलीने शिकावे की नाही असा प्रश्न त्या घरात नव्हता. कुठे शिकावे एवढाच होता. त्यांनी रसायनशास्त्र हा मुख्य आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळवली आणि गुणवत्ता यादीत पहिला क्रमांक पटकावला. वडील आणि काका जेथे शिकले त्याच बंगळूरच्या संस्थेत संशोधन करायचे, हे त्यांनी ठरवले होते. गुण होते, घराण्याची ओळख होती, खर्चाची सोय होती. अर्ज गेला.

बंद झालेले दार

त्याच वर्षी सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे त्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. १९३० साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी साऱ्या देशाला अभिमानाचा क्षण दिला होता. गोऱ्या शास्त्रज्ञांच्या बरोबरीने हिंदी माणूस उभा राहू शकतो, हे त्यांनी जगाला दाखवून दिले होते. पण त्याच रामन यांनी कमला भागवत यांचा अर्ज नाकारला. कारण एकच. अर्जदार स्त्री होती.

वडील आणि काका यांनी रामन यांच्याकडे विनंती करून पाहिली. आपल्याच संस्थेच्या दोन माजी विद्यार्थ्यांच्या शब्दालाही संचालकांनी मान दिला नाही. पहिल्या क्रमांकाची गुणपत्रिका निरुपयोगी ठरली. येथे गुणवत्तेचा प्रश्नच उरला नव्हता, कारण गुणवत्ता तपासण्याआधीच निर्णय झालेला होता.

तेव्हा बावीस वर्षांच्या या तरुणीने स्वतः बंगळूर गाठले. नकाराचे कारण तिने रामन यांना समोरासमोर विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत येथेच सत्याग्रह करीन असे सांगितले. तिच्यावर महात्मा गांधींच्या विचारांचा प्रभाव होता आणि सत्याग्रह हा शब्द तिने तेथून घेतला होता. परंतु महाड परिसरातील आपणा सर्वांना त्या शब्दाचा आणखी एक अर्थ ठाऊक आहे. त्याआधी सहाच वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला होता. सार्वजनिक पाण्यावर माणसाचा हक्क आहे, हे त्या दिवशी सिद्ध करायचे होते. बंगळूरला एका तरुणीला सार्वजनिक ज्ञानावर माणसाचा हक्क आहे, हे सिद्ध करायचे होते.

या दोन घटनांना एका मापाने मोजता येणार नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. चवदार तळ्यावर आलेल्या हजारो माणसांना पिढ्यान्‌पिढ्या माणूसच मानले गेले नव्हते, आणि पाणी प्यायल्याबद्दल त्यांना त्याच दिवशी मार खावा लागला. कमलाबाईंवर असा प्रसंग आला नाही. त्यांना नाकारले गेले, पण त्यांना संचालकांच्या दालनात जाऊन प्रश्न विचारता आला. तरीही दोन्हीकडचा युक्तिवाद एकच होता. अमुक एका जन्माचा माणूस येथे आला तर जागा बिघडेल, असे तळ्याच्या काठीही म्हटले गेले आणि प्रयोगशाळेच्या दारातही. अन्यायाचे कपडे वेगळे असतात. सांगाडा मात्र सारखाच असतो.

अटींवर मिळालेला प्रवेश

अखेरीस रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, त्यांनी काम करायचे होते. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, अशी तिसरी अट होती. बरोबरीच्या तरुण संशोधकांवर यांतील कोणतीही अट नव्हती. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. हा अपमान त्या विसरल्या नाहीत. भारतीय महिला वैज्ञानिकांच्या संघटनेने वृद्धापकाळी त्यांचा सत्कार केला, तेव्हाही त्यांनी त्या दिवसांविषयी आणि रामन यांच्या संकुचितपणाविषयी स्पष्ट शब्दांत सांगितले.

संस्थेत त्यांना एम. श्रीनिवासय्या यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले. ते कडक शिस्तीचे होते, कामात सवलत देत नसत. पण विद्यार्थी पुरुष की स्त्री हे त्यांच्या लेखी महत्त्वाचे नव्हते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते. कमलाबाईंना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली, आणि त्यानंतर त्या संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. १९३६ साली कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी मिळवली.

रामन यांच्याविषयी येथे न्यायाने बोलायला हवे. प्रयोगाचा निष्कर्ष समोर आल्यावर त्यांनी आपला निर्णय बदलला, हे खरे आहे. परंतु एका मुलीने सत्याग्रह करून, वर्षभर परीक्षा देऊन जे सिद्ध केले, ते मुलांना कधीच सिद्ध करावे लागले नव्हते, हेही तितकेच खरे आहे. शिवाय एकदा दार उघडले म्हणजे वाट मोकळी झाली असे होत नाही. पुढे १९४० मध्ये अॅना मणी ही तरुणी रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाली. हिरा आणि माणिक यांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर तिने अपार परिश्रम केले, शोधनिबंध प्रसिद्ध केले. तरीही एम.एस्सी. नाही या तांत्रिक कारणाने तिला डॉक्टरेट नाकारण्यात आली. त्याच अॅना मणी पुढे भारतीय हवामानशास्त्रातील थोर वैज्ञानिक ठरल्या. उंबरठा ओलांडल्यावर आतही उंबरठे असतात.

केंब्रिजमधील चौदा महिने

मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर कमलाबाई १९३७ साली इंग्लंडला केंब्रिज येथे गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या शोधातील वाट्याबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. कमलाबाईंना तेथे पोहोचायला उशीर झाला होता आणि प्रयोगशाळेत जागा उरली नव्हती. बंगळूरला जागा असून प्रवेश नव्हता. केंब्रिजला जागा नसताना ती करून देण्यात आली. डेरेक रिक्टर या संशोधकाने आपल्या कामाच्या टेबलाची सोय करून दिली आणि कमलाबाईंचे काम सुरू झाले. रिक्टर अन्यत्र गेल्यानंतर त्यांनी रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर संशोधन केले.

या संशोधनाचा विषय विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा असा आहे. आपण खातो त्या अन्नातून शरीराला ऊर्जा मिळते, ती पेशींच्या आत. पेशी ऑक्सिजन वापरते आणि अन्नातील ऊर्जा टप्प्याटप्प्याने मोकळी करते. या साखळीत इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे पोचवणारी काही प्रथिने असतात. सायटोक्रोम सी हे त्यांपैकी एक; त्याच्या गाभ्यात लोह असते. प्राण्यांच्या आणि यीस्टच्या पेशींतील सायटोक्रोमचे महत्त्व केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ पासून उलगडून दाखवले होते. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना दाखवून दिले की, वनस्पतींच्या ऊतींमध्येही सायटोक्रोम सी असते आणि श्वसनाच्या साखळीत त्याचा वाटा असतो. म्हणजे माणसाचा स्नायू, पावाचे पीठ फुगवणारे यीस्ट आणि मातीखालचा बटाटा हे तिन्ही मुळात एकाच रीतीने श्वास घेतात. सर्व सजीवांच्या एकतेचा असा पुरावा जेव्हा प्रयोगशाळेतून मिळतो, तेव्हा माणसामाणसांतील उच्चनीचता किती पोकळ आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

अवघ्या चौदा महिन्यांत आणि केवळ ४० पानांच्या प्रबंधावर त्यांना १९३९ साली पीएच.डी. मिळाली. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री, असा त्यांचा उल्लेख केला जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या ठिकाणी आणखी एक नाव लक्षात ठेवावे. केरळमधील तलश्शेरी येथे १८९७ साली जन्मलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९३१ सालीच डी.एस्सी. ही पदवी दिली होती. त्या थिय्या समाजातील होत्या. केरळच्या जातिव्यवस्थेने ज्यांना खालच्या पायरीवर ठेवले, त्यांपैकी तो समाज. पहिले कोण, या वादात पडण्याची आपल्याला गरज नाही. परंतु पहिलेपणाच्या याद्या वाचताना त्यांत कोणाचे नाव राहून गेले, हे पाहण्याची सवय आपल्या मुलांना लागली पाहिजे.

ताटातील विज्ञान

परदेशात काम करण्याची संधी असूनही कमलाबाई १९३९ साली भारतात परतल्या. देश स्वातंत्र्यासाठी लढत असताना आपले ज्ञान येथेच उपयोगी पडावे, ही त्यांची धारणा होती. दिल्लीच्या लेडी हार्डिंग्ज मेडिकल कॉलेजात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. त्यानंतर निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि फोर्टमधील विज्ञान संस्थेच्या नव्या जीवरसायनशास्त्र विभागात प्राध्यापक झाल्या. येथून त्यांच्या जीवनाचा असा कालखंड सुरू होतो, जो रायगड जिल्ह्यातील माणसाने विशेष जिव्हाळ्याने वाचावा.

केंब्रिजहून आलेली ही विदुषी मुंबईत कशावर संशोधन करीत होती? डाळी, कडधान्ये, भाताचे पीठ, नीरा आणि भाज्या. गरीब माणसाच्या ताटात जे असते, त्यातून त्याला किती पोषण मिळते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या विद्यार्थ्यांनीही याच विषयांवर पदव्या मिळवल्या. आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला.

आपल्या वालाचे उदाहरण घ्या. भाताची कापणी झाली की खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरायचा, ही आपल्या भागातील जुनी रीत. आपल्या माताभगिनी वाल रात्रभर भिजत घालतात, कापडात बांधून मोड आणतात, एकेक दाणा सोलून डाळिंब्या काढतात आणि मग त्याचे बिरडे शिजवतात. कमलाबाईंनी सहकाऱ्याबरोबर याच वालाचा अभ्यास केला. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचा पाचक रस येतो आणि तो प्रथिनांचे तुकडे करतो. कच्च्या वालात मात्र ट्रिप्सिनचे काम अडवणारे एक द्रव्य असते. त्यामुळे पोटात प्रथिने जाऊनही ती पुरती पचत नाहीत. हे अडवणारे द्रव्य कमलाबाईंनी वालातून स्फटिकरूपात वेगळे केले, आणि १९५५ साली नेचर या जगप्रसिद्ध विज्ञान नियतकालिकात ते संशोधन प्रसिद्ध झाले. कडधान्यांतील अशी द्रव्ये बहुतांशी उष्णतेने निकामी होतात. म्हणून कडधान्य नीट शिजवून खाण्याला महत्त्व आहे. आपल्या चुलीवरच्या टोपात रोज जे घडते, त्याचे कारण एका मराठी स्त्रीने शोधले आणि ते जगाच्या विज्ञानात नोंदले गेले.

दुसरे उदाहरण नीरेचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी हे काम हाती घेतले. ताड, माड, शिंदी या झाडांचा ताजा गोड रस म्हणजे नीरा. तो आंबला की ताडी होते आणि ताडीने आपल्या वाड्यावस्त्यांवरील अनेक संसारांची काय दशा केली, हे सांगण्याची गरज नाही. न आंबलेल्या नीरेत मात्र अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह असल्याचे कमलाबाईंना आढळले. नीरा आटवून गूळ केला तरी त्यांचा अंश टिकतो, हेही त्यांनी दाखवले. आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्काराने गौरवण्यात आले.

उच्च विद्येचा आणि गरिबाचा संबंध नसतो, असा आपल्याकडे समज आहे. कमलाबाईंचे काम या समजाला उत्तर आहे. प्रयोगशाळेतील प्रश्न कोणता निवडायचा, हे वैज्ञानिकाच्या हाती असते. ज्याने भूक पाहिली आहे, ज्याच्या घरी रेशनच्या धान्यावर महिना काढला जातो, त्याला असे प्रश्न अधिक नेमके सुचतील. आपल्या मुलांनी विज्ञानाकडे वळावे असे म्हणताना केवळ त्यांच्या नोकरीचा विचार नाही. विज्ञानाला आपल्या मुलांच्या प्रश्नांचीही गरज आहे.

पदासाठी प्रतीक्षा

एवढे कर्तृत्व असूनही त्याच संस्थेच्या संचालकपदापर्यंत पोहोचायला त्यांना वेळ लागला. पात्रता असताना सुमारे चार वर्षे अंतर्गत राजकारणाने त्यांना डावलले. अखेर त्या संचालक झाल्या. केंब्रिजमधील त्यांचे जुने सहकारी डेरेक रिक्टर यांना, इतक्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या प्रमुखपदी स्त्री आल्याचे अतिशय अप्रूप वाटले.

१९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहक मार्गदर्शक संस्था स्थापन केली. कमलाबाई त्या नवांतील एक. बाजारातील भेसळ ओळखणे, वजनमापातील फसवणूक दाखवणे, ग्राहकांना सावध करणे हे या संस्थेचे काम. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. संस्थेच्या कीमत या नियतकालिकातून त्यांनी लेख लिहिले, आणि मराठी वाचकांसाठी आहार-गाथा हे पुस्तक लिहिले. आपले ज्ञान इंग्रजी शोधनिबंधांत बंद राहू नये, ते स्वयंपाकघरापर्यंत जावे, ही त्यामागील तळमळ. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार आयोजित केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

कमलाबाईंकडे जे होते ते

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. कमलाबाईंकडे विज्ञान शिकलेले वडील होते, काका होते, पुस्तके होती, पैसा होता, गुणवत्ता यादीतला पहिला क्रमांक होता. एवढे सारे असूनही दार बंद झाले, ते केवळ जन्माने मिळालेल्या एका गोष्टीमुळे. मग ज्यांच्याकडे यांतील एकही गोष्ट नव्हती आणि ज्यांच्यावर जातीचा शिक्का होता, त्यांच्यातील किती बुद्धिमत्ता दारापर्यंतही पोहोचली नसेल? प्रवेश मिळताच कमलाबाईंनी काय करून दाखवले ते आपण पाहिले. गुणवत्ता आधीपासून होती; संधी नव्हती. आरक्षणाविरुद्ध गुणवत्तेचा मुद्दा मांडणाऱ्यांनी हे चरित्र अवश्य वाचावे.

दुसरे उदाहरण तारकांच्या वर्णपटाचे कोडे उलगडणाऱ्या मेघनाद साहा यांचे. पूर्व बंगालमधील एका लहान किराणा दुकानदाराचा हा मुलगा. कोलकत्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना हिंदू वसतिगृहात जातीमुळे त्यांना इतरांच्या पंगतीत बसू दिले जात नव्हते. ज्याला सहाध्यायांनी पंगतीतून उठवले, त्याने १९२० साली मांडलेले समीकरण आज जगभरच्या खगोलशास्त्रात शिकवले जाते. वसतिगृहाची पंगत ही लहान गोष्ट नाही. डॉ. बाबासाहेबांनी १९२५ साली सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे वसतिगृह काढले, त्यामागील दूरदृष्टी या उदाहरणाने अधिक कळते. आपल्या निवासी विद्यालयाच्या भोजनगृहात सर्व मुले एका ओळीत बसून जेवतात, हाही विज्ञान शिक्षणाचाच पहिला धडा आहे.

विज्ञान शिक्षणाविषयी बाबासाहेबांची भूमिका किती स्पष्ट होती, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक नसते. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी सरकारला निवेदन दिले. अनुसूचित जातींच्या मुलांना केवळ कला आणि कायद्याचे शिक्षण देऊन भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणानेच त्यांची प्रगती होईल, आणि हे शिक्षण खर्चिक असल्याने सरकारने देशात आणि परदेशात त्यासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी मागणी त्यांनी त्यात केली. १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे. ज्या फोर्ट विभागात कमलाबाई संशोधन करीत होत्या, त्याच विभागात सिद्धार्थचे विद्यार्थी शिकत होते.

येथून थोड्याच अंतरावर, माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे. कमलाबाईंना जे दार गाठण्यासाठी बंगळूरला जावे लागले, तसे एक दार आज आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच महामार्गावर आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. कायद्याने दारे उघडी आहेत. तरीही दहावीनंतर आपल्या किती मुली विज्ञान शाखेत जातात? खर्च होईल, महाविद्यालय लांब आहे, विज्ञान कठीण असते, मुलीला एवढे शिकवून काय करायचे, अशी कारणे घरातच दिली जातात. १९३३ साली नाही म्हणणारा संचालक बंगळूरला होता. आज तो कधी कधी आपल्या ओटीवर बसलेला असतो.

हिरकणीवाडीत राहणाऱ्यांना बंद दरवाजाची गोष्ट नव्याने सांगायला नको. सायंकाळी रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे बाळ असलेली गवळण कडा उतरून गेली, ही आख्यायिका येथील प्रत्येक मुलाला पाठ आहे. तिचे धैर्य थोरच. पण प्रत्येक पिढीतल्या प्रत्येक मुलीने कडा उतरूनच वाट काढावी, अशी अपेक्षा धरणारा समाज न्यायी म्हणता येणार नाही. दरवाजा उघडा ठेवणे हे समाजाचे काम आहे.

कमलाबाईंच्या घरात जे सहज उपलब्ध होते, ते आपल्या बहुतेक घरांत नाही. घरात नसेल तर ते विद्यालयात असले पाहिजे, हाच निवासी विद्यालयाचा खरा हेतू. तथागतांनी कोणतीही गोष्ट परंपरा म्हणून किंवा गुरूने सांगितली म्हणून मानू नये, स्वतः तपासून घ्यावी, असा उपदेश कालामांना केला. तपासून पाहायला साधने लागतात. म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, विद्यालयास देणगी देताना प्रयोगशाळेचाही विचार करावा. एक चांगला सूक्ष्मदर्शक, काही परीक्षानळ्या, विज्ञानाची मराठी पुस्तके यांनी एखाद्या मुलीच्या घरातील उणीव भरून निघू शकते. आपल्यापैकी जे अभियंते, परिचारिका, औषधनिर्माते, तंत्रज्ञ आणि विज्ञान शिक्षक झाले आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस येऊन मुलांना आपला रस्ता सांगावा. माधवरावांसारखा काका प्रत्येक मुलीला लाभत नाही. आपण सर्वांनी मिळून तो व्हावे लागेल.

आणि पालकांना एवढेच सांगणे. यंदा दहावी उत्तीर्ण होणाऱ्या आपल्या मुलीने विज्ञान शाखेचा अर्ज भरायला मागितला, तर त्यावर सही करावी. तिला सत्याग्रह करावा लागू नये.

जय भीम. नमो बुद्धाय.